बिल हातात आले की...

आजार अंगावर काढणारा शेतकरी दवाखान्यात भरती होतो तो बहुधा उशिरा. सुटीच्या दिवशी बिल समोर येते, तोवर कापसाचे पैसे संपलेले असतात. ‘डॉक्टरसाहेबांना विचारायचे कसे?’ या संकोचापायी नातेवाईक सावकाराचे घर गाठतात. खुशाल विचारावे.

खासगी रुग्णालयांना लागू असलेल्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या नियमांत महाराष्ट्र शासनाने २०२१ साली दुरुस्ती केली. त्यानुसार खोलीभाडे, डॉक्टरांच्या भेटीची फी अशा १५ बाबींचे दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

बिल तपशीलवार मागावे. सलाईनच्या बाटल्या किती, तपासण्या कोणत्या, ते ताडून पाहावे. परत केलेल्या औषधांचे पैसे वजा झाले का? (हे हमखास राहून जाते.) कागदपत्रांच्या प्रती मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे.

सगळेच डॉक्टर लुबाडतात असे मुळीच नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने तर गावकऱ्यांकडून सुगीत ज्वारी घेऊन त्यांना उपचारांत सवलत दिली.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १३ नोव्हेंबर १९९५ चा. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही. पावत्या मात्र जपून ठेवलेल्या हव्यात.