कार्डावरील क्रमांक : रचना आणि मर्यादा

बँकेच्या कार्डावर असणारा क्रमांक हा यदृच्छेने पाडलेला आकडा नव्हे; तसाच तो गुप्त संकेतही नव्हे. मुळात तो पत्ता आहे. व्यवहाराची मागणी कोणत्या संस्थेकडे व तेथील कोणत्या खात्याकडे जावी, एवढेच सांगणे हे त्याचे प्रयोजन.

या क्रमांकाची घडण ७८१२ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरविली आहे. पहिला अंक व्यवसायाचा वर्ग दाखवितो : ३ प्रवास व करमणुकीसाठी, ४ व ५ बँकांसाठी. अमेरिकन एक्स्प्रेसची पंधरा अंकी कार्डे त्यामुळेच ३४ किंवा ३७ ने आणि व्हिसाची ४ ने सुरू होतात. मात्र ही वाटणी आता काटेकोर उरलेली नाही. मास्टरकार्डला ५१ ते ५५ ही जागा अपुरी पडल्यावर २२२१ ते २७२० हा पट्टा मिळाला. वास्तविक २ हा अंक विमान कंपन्यांच्या वर्गातील होता. आरंभीचे सहा अंक कार्ड देणारी संस्था ओळखवीत. २०१७ च्या आवृत्तीने ते आठ केले. सोळा अंकांत याची किंमत मोजावी लागते : एका संस्थाक्रमांकाखाली पूर्वी शंभर कोटी खाती मावत, आता एक कोटी.

शेवटचा अंक पडताळ्याचा. ही रीत आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांची. १९५४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो हातात धरून चालविण्याच्या एका यांत्रिक साधनासाठी. पेटंट १९६० मध्ये मिळाले. उजवीकडून मोजता दर दुसरा अंक दुप्पट करावयाचा, दुप्पट नवाहून अधिक झाल्यास तीतून नऊ वजा करावयाचे, आणि सर्वांची बेरीज दहाने निःशेष भागली जाते की नाही हे पाहावयाचे. चाचणीसाठी सर्रास वापरला जाणारा ४१११ १११১ ११११ ११११ हा क्रमांक घेतल्यास बेरीज ३० येते.

एखादा अंक चुकला तर ही रीत ती चूक निरपवाद पकडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही पकडते. अपवाद ०९ व ९० यांचा, कारण शून्य व नऊ दोन्ही या दुपटीने बदलत नाहीत. २२ च्या जागी ५५ पडल्यासही ती फसते. व्हर्हूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली रीत अदलाबदलीत कोठेच चुकत नाही. आधार क्रमांकाचा बारावा अंक तिनेच काढलेला असतो. परंतु ती कागदावर करून पाहणे जिकिरीचे.

लून यांना कारकुनाच्या चुकीशी सामना करावयाचा होता, लबाडाशी नव्हे. कोणत्याही दहा आकड्यांपैकी एक या कसोटीस उतरतोच. असे असता दूरस्थ खरेदीत हाच उघडा पत्ता किल्लीसारखा वापरला गेला व दुकानदारांच्या नोंदवह्यांत साठत राहिला. मुदतीची तारीख व मागील तीन अंक मागण्याची प्रथा हे त्यावरील ठिगळ होय.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना असे क्रमांक पुढील खरेदीसाठी जपून ठेवण्यास मनाई केली. त्याऐवजी त्यांना मिळते ते टोकन, म्हणजे त्या कार्डासाठी त्या व्यापाऱ्यापुरताच दिलेला पर्यायी क्रमांक. तो चोरीस गेला तरी अन्यत्र चालत नाही. जुन्या यंत्रणांनी त्यास नाकारू नये म्हणून त्याचे रूप मात्र मूळ क्रमांकाचेच ठेवले आहे, आणि तोही लून यांच्या कसोटीस उतरतो.