चुकीची नोंद आणि लाल शाईची रेघ

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. नोकरीच्या आरंभींच वरिष्ठांनीं एक धडा घालून दिला होता : फेरफाराच्या वहींत चुकीची नोंद झाली, तर ती खरवडावयाची नाहीं. खालचें वाचतां येईल अशी लाल रेघ तिच्यावर ओढावी, खरी नोंद करावी, आणि अधिकाऱ्याची सही व तारीख घ्यावी. जुनें दिसत राहिलें, तरच पुढील वाचणाऱ्यास काय बदललें व कोणी बदललें हें कळतें. शास्त्रज्ञांच्या जगांतहि असेंच एक दप्तर आहे. त्याचा संबंध आपल्या वर्धा जिल्ह्यांतील कपाशीच्या शेतापर्यंत येऊन भिडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

नवें बियाणें, औषध किंवा खताची मात्रा यांची शिफारस बहुधा एखाद्या शोधनिबंधावर उभी असते. तो शास्त्रीय नियतकालिकाकडे आला म्हणजे संपादक त्याच विषयांतील जाणत्यांकडून तपासून घेतो. परंतु हे परीक्षक लिहिलेलें तेवढें वाचतात. प्रयोगशाळेंत वा शेतांत जाऊन पाहत नाहींत. सबब कोणी आंकडे रचले, एकच चित्र दोन नांवांनीं छापलें किंवा दुसऱ्याचें लिखाण उचललें, तर तें पुष्कळदां छपाईनंतरच उघडकीस येतें.

तक्रार आली कीं संपादक प्रथम लेखकांचा खुलासा घेतो व मूळ नोंदी मागतो. त्याच्यापाशीं जप्तीचा अधिकार नाहीं. खोल चौकशी लेखकांच्या संस्थेनेंच करावयाची. दरम्यान वाचकांस सावध करणारी सूचना छापतां येते. चूक किरकोळ असेल तर शुद्धिपत्र निघतें; निष्कर्षच भरंवशाचा उरला नसेल, तर निबंध मागें घेतल्याचें कारणासह जाहीर होतें. तो सहसा नाहींसा करीत नाहींत. शिक्का मारून दप्तरीं ठेवतात. १९९७ सालीं इंग्लंडांत स्थापन झालेल्या 'कोप' या संपादकांच्या समितीनें २००९ सालीं यासंबंधीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. प्रामाणिक चुकीमुळेंहि निबंध मागें घेतला जातो. प्रत्येक वेळीं लबाडीच असते असें नव्हे.

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांतील एक निबंध २००५ सालीं अमेरिकेंतील 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'त आला. त्यांतील कांहीं चित्रें पूर्वींच्याच निबंधांतील असल्याची तक्रार झाली. तज्ज्ञांच्या समितीनें दोष नसल्याचा निर्वाळा दिला. तथापि नियतकालिकानें २००७ सालीं तो निबंध मागें घेतलाच. उलट लंडनच्या 'लॅन्सेट'नें १९९८ सालीं छापलेला, गोवराच्या लसीविषयीं भय उत्पन्न करणारा निबंध पूर्णपणें मागें घेण्यास २०१० साल उजाडलें. बारा वर्षांत त्या भयानें किती आईबापांनीं मुलांस लस टोचूं दिली नाहीं!

उशिराची किंमत आपणांसहि ठाऊक आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें धारवाडच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें तयार केलेल्या 'बिकानेरी नरमा बीटी' या सरळ वाणास २००८ सालीं मान्यता मिळाली. २००९ च्या खरिपांत बियाणें विकलें गेलें. संकरित बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें. हें घरचें राखतां येईल, ही मोठी आशा होती. पुढें त्यांत मोन्सॅन्टो कंपनीचें जनुक आढळलें व विक्री थांबली. सोपोरी समितीचा अहवाल २०१२ सालीं आला. कागदावरील निबंध एका रेघेनें मागें घेतां येतो. पेरलेला दाणा मातींतून मागें घेतां येत नाहीं.

म्हणून विक्रेत्यानें छापील शोधनिबंध पुढें केला, तर तीन प्रश्न विचारावे : तो कोणत्या नियतकालिकांत, कोणत्या सालीं आला? तो आज कायम आहे कीं मागें घेतला आहे? आपल्यासारख्या कोरडवाहू जमिनींत प्रयोग झाला होता काय? उत्तर न मिळाल्यास सेलसुऱ्याच्या कृषि विज्ञान केंद्रांत विचारावें, आणि बियाण्याची पिशवी व पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी.

मात्र निबंध मागें घेतले जातात म्हणून शास्त्रावरचा विश्वास सोडूं नये. ज्या वहींत एकहि लाल रेघ नसे, तिच्याकडेच आम्ही कारकून अधिक संशयानें पाहत असूं.