घरगुती मद्य : छंद, रसायन आणि कायदा



गोदाघाटावर उभे राहून मद्य कसे तयार होते हे सांगावयाचे, म्हणजे काही मंडळींच्या भुवया चढणार हे मी धरूनच चाललो आहे. मी स्वतः पीत नाही आणि कोणी प्यावे असे सांगावयासही आलेलो नाही. परंतु ज्या जिल्ह्यात निफाड-दिंडोरीची द्राक्षे पिकतात, विंचूरला खास वाइन उद्योगासाठी औद्योगिक वसाहत उभी आहे आणि जेथील कामगार वस्त्यांत दारूपायी बसलेली घरे आम्ही रोज पाहतो, त्या जिल्ह्यातील जाणत्या नागरिकाला वाइन आणि हातभट्टी यांतला फरक सांगता येऊ नये, हे बरे नव्हे. मी रसायनशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. वाचनालयातली पुस्तके आणि कारखान्यांतली माणसे एवढेच माझे गुरू. तेव्हा सोप्या भाषेत सांगणे मला भागच आहे.

इंग्लंड-अमेरिकेत लोक आपण लोणची-मुरंबे घालतो तशा हौसेने घरी वाइन आणि बिअर करतात. त्यात आपल्याला परके वाटावे असे फार थोडे आहे. कोकणात नाचणीची आंबील करतात, इडलीचे पीठ रात्रीतून फुगते, जिलबीचे पीठ आंबते. वैद्यांचे द्राक्षासव घ्या. मनुका किंवा द्राक्षे, गूळ, मसाल्याची औषधे आणि धायटीची फुले भांड्यात घालून तोंड बंद करावयाचे व काही आठवडे ठेवून द्यावयाचे. आयुर्वेदात याला संधान म्हणतात. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचलेत तर त्यात आपोआप तयार झालेल्या मद्यार्काचे प्रमाण छापलेले सापडेल. आजीने चमच्याने घेतलेले द्राक्षासव आणि फिरंग्याच्या पेल्यातली वाइन यांचे रसायन एकच आहे.

ते रसायन असे. साखर असलेल्या रसात किण्व, म्हणजे बेकरीवाले ज्याला यीस्ट म्हणतात ते, पडले की ते साखर खाते आणि तिचे दोन पदार्थ करते : मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू. वजनाने जवळजवळ निम्मे निम्मे. हे किण्व सजीव आहे की नाही यावर युरोपात मोठी भांडणे झाली. १८५६ साली फ्रान्समधील लील शहरात बीटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल बिघडू लागला, तो पाश्चरकडे आला, आणि त्या तक्रारीतून पाश्चरचे किण्वनावरील संशोधन सुरू झाले. पुढे १८९७ साली बुखनरने किण्व वाळूबरोबर खलून त्याचा रस पिळला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखरेचे मद्यार्कात रूपांतर झालेच! शरीरातील रसायनांचे आधुनिक शास्त्र या प्रयोगापासून पुढे सरकले, आणि १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपला द्राक्ष बागायतदार फवारणीच्या पाण्याचा पीएच पाहतो ना? ते मोजमापही १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने बसवले, आणि ती प्रयोगशाळा एका बिअर कारखानदाराने उभारलेली होती.

आता कृती. पिकलेली द्राक्षे चुरडावयाची. तांबड्या वाइनसाठी साली रसातच राहू द्यावयाच्या, कारण रंग सालीत असतो. पांढऱ्या वाइनसाठी त्या आधी गाळून काढावयाच्या. पाच लिटर रसाला साधारण आठ किलो द्राक्षे लागतात. रसात दर लिटरला २०० ग्रॅम साखर असेल तर शेकडा ११ ते १२ भाग मद्यार्काची वाइन होते. किण्व घातले की एक-दोन दिवसांत रस उकळल्यासारखा फसफसू लागतो. तो जोर ओसरला की बरणीच्या तोंडाला पाण्यात बुडवलेली नळी लावावयाची, म्हणजे आतला वायू बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत येणार नाही. हवा आत गेली तर दुसरे जंतू मद्यार्काचे व्हिनेगर करून टाकतात. तोंड पक्के बंद केले तर बरणी फुटते. या छंदातील निम्मे कौशल्य एवढ्या एका नळीत आहे आणि उरलेले निम्मे भांडी स्वच्छ धुण्यात. आपल्या बाजारातील खाण्याची बिनबियांची द्राक्षे मात्र या कामी बेताचीच. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. खावयास कोणी विकत घेणार नाही असा.

वायूचा हिशेब मी थोडा विस्ताराने सांगणार आहे, कारण तो माझ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. वर सांगितलेल्या एक लिटर रसातून सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. घरातल्या बरणीचा वायू खिडकीतून निघून जातो, त्याची दखलही कोणी घेत नाही. पण १०,००० लिटरच्या टाकीतून तोच वायू पाच लाख लिटर निघतो. तो हवेहून जड, रंग नाही, डोळ्याला दिसत नाही, टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. टाकी रिकामी झाली म्हणून कामगार धुवावयास उतरतो आणि कोसळतो. त्याला काढावयास दुसरा धावतो, तोही वर येत नाही. जुने लोक मेणबत्ती सोडून पाहावयास सांगतात. तिच्यावर विसंबू नका. हवेत शेकडा १० भाग हा वायू झाला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि तेव्हाही मेणबत्ती जळत असू शकते. हवा यंत्राने मोजल्यावाचून, कमरेला दोर आणि वर दुसरा माणूस असल्यावाचून टाकीत पाय घालू नये. १९४८ च्या कारखाने कायद्याने अशा जागी उतरण्यापूर्वी लेखी दाखला किंवा श्वसनयंत्र, पट्टा आणि दोर यांची अट घातली होती. अट कागदावर असणे आणि हंगामी कंत्राटी पोराच्या कमरेला दोर असणे, या दोहोंमधले अंतर तोडण्यातच आमचे आयुष्य चालले आहे.

बिअरविषयी थोडक्यात. तिला साखर आयती मिळत नाही, ती धान्यातून काढावी लागते. आपल्या बायका नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करतात. बिअरवाले बार्लीचे तेच करतात. मोड येताना धान्यात पिष्टाची साखर करणारे द्रव्य तयार होते. भाजलेल्या मोडाचा भरडा ६५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवला की पाणी गोड लागते. मग गाळून, हॉप्स नावाची कडू फुले घालून उकळावयाचे, निववावयाचे आणि किण्व घालावयाचे. बस्स.

आता कायदा. इंग्लंडात घरी बिअर करावयास परवाना लागे, तो १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, पण बिअर वगळली गेली. तिला १९७८ सालापर्यंत थांबावे लागले. तेथे आज दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर करता येतात, पण विकता येत नाही. मात्र ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून वाफेतून कडक दारू काढणे, या दोन्ही देशांत परवान्यावाचून गुन्हाच आहे.

आपल्याकडे पाया १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. त्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे झाले आहे. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधांसंबंधीचा काही भाग रद्द केला आणि बाकी कायदा उचलून धरला. या कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा अपराध आहे, मग ती पाच लिटरची बरणी का असेना. म्हणजे मघा सांगितलेली कृती समजून घेण्यासाठी आहे, घरी जाऊन करण्यासाठी नव्हे. त्याआधी इंग्रजांनी १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करून ठाणे-कुलाब्याच्या गरिबांचे झाडाखालचे फूलसुद्धा सरकारी नजरेखाली आणले होते. त्यामागे नीती किती आणि महसूल किती, हे श्रोत्यांनी ठरवावे.

माझे मत विचाराल तर घरगुती वापरापुरती, विक्रीवाचून, नुसत्या आंबवलेल्या पेयाला मोजकी मुभा देण्यात आकाश कोसळणार नाही. पण ‘आडवी बाटली’साठी मतदानाला रांगा लावणाऱ्या बायकांसमोर हे बोलताना माझी जीभ जड होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी बरणी पाहिलेली नाही. त्यांनी रिकामे पगाराचे पाकीट पाहिले आहे.

भट्टीच्या बाबतीत मात्र माझ्या मनात शंका नाही. नुसते आंबवलेले पेय फार तर शेकडा पंधराच्या आसपास जाऊन थांबते, कारण पुढे किण्वच मरते. त्यात मेथिल मद्यार्क, म्हणजे मेथॅनॉल, असला तरी अल्प असतो. विषारी दारूने माणसे मरतात ती बहुधा कारखान्यात द्रावक म्हणून वापरावयाचे मेथॅनॉल धंदेवाल्याने मिसळल्यामुळे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे अशीच गेली. हे विष लगेच कळत नाही. प्यायल्यावर नुसती नशा येते, आणि बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुके येते, पोटात कळा येतात, श्वास जलद होतो. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, ते डोळ्यांची नस जाळते. नशा उतरली की बरे वाटेल म्हणून घरची माणसे त्याला निजवून ठेवतात आणि तेवढ्यात वेळ जातो. यावर उतारा आहे, पण तो इस्पितळातच मिळतो आणि लवकर द्यावा लागतो. तेव्हा शेजारचा माणूस दुसऱ्या दिवशी ‘मला अंधुक दिसते’ म्हणाला, तर पोलीस काय म्हणतील याचा विचार न करता त्याला रिक्षात घाला, सरकारी इस्पितळात न्या, आणि तो काय प्याला होता व त्याच्याबरोबर आणखी कोण बसले होते, हे डॉक्टरला स्पष्ट सांगा. त्या दुसऱ्यांनाही, त्रास होत नसला तरी, त्याच दिवशी नेले पाहिजे.