चिखलदऱ्याच्या बाजारासाठी नवी भाषा बनवायची ठरवली, तर?

चिखलदऱ्याला गेलात की भीमकुंडाजवळ कुणी ना कुणी तुम्हाला एक गोष्ट हमखास सांगतं. भीमानं कीचकाला मारलं आणि इथल्या दरीत फेकलं. म्हणून ही जागा कीचकदरा. पुढं कीचकदऱ्याचं झालं चिखलदरा.

आता ही गोष्ट खरी की लोकांनी रचलेली, तो वाद बाजूला ठेवू. पण त्यात भाषेचा एक नियम मात्र पक्का आहे. शब्द या तोंडातून त्या तोंडात जाताना जीभ आपल्या सोयीचा रस्ता धरते. कुणी सभा घेऊन ठराव करत नाही, तरी शब्द बदलतो.

मग प्रश्न असा पडतो की, हेच काम कुणी टेबलावर बसून, ठरवून केलं तर? म्हणजे कुठल्याच एका लोकांची नसलेली, सगळ्यांना सोपी जाईल अशी एक भाषा बनवली तर?

तर अशा भाषा खरंच बनवल्या गेल्यात. एक-दोन नाही, शेकडो. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे एस्पेरांतो.

ती बनवली लुडविक झामेनहोफ नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं. त्याचा जन्म १८५९ चा, गाव बियालिस्टोक. आज ते पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक शेजारी शेजारी राहायचे आणि एकमेकांकडं संशयानं बघायचे. पोराला वाटलं, यांची एक समाईक भाषा असती तर भांडणं कमी झाली असती. १८८७ मध्ये त्यानं पहिलं पुस्तक छापलं. व्याकरणाचे नियम फक्त १६ आणि मूळ शब्द सुमारे ९००.

बियालिस्टोकसारखं गाव बघायला पोलंडला जायची गरज नाही. आपलं चिखलदरा आहे की.

इथल्या बाजारात कोरकू बोलणारी बाई असते, स्वतःची बोली असलेला गवळी असतो, परतवाड्याहून आलेला वऱ्हाडी व्यापारी असतो, मध्य प्रदेशच्या बाजूचा हिंदी बोलणारा ड्रायव्हर असतो आणि पुण्याहून आलेला पर्यटकही असतो. तर समजा, या सगळ्यांसाठी आपल्याला एक भाषा बनवायची आहे. सुरुवात कुठून करायची?

पहिली पायरी : कोणते आवाज ठेवायचे?

नियम साधा वाटतो. जे आवाज सगळ्यांना काढता येतात ते ठेवा, बाकीचे काढून टाका.

मग सगळ्यात आधी ळ जाणार. हिंदीवाल्याला तो जड जातो, जगात तर बहुतेकांना जमत नाही. ण पण जाईल. आणि मजा म्हणजे, हे काम वऱ्हाडी माणसानं कधीच करून ठेवलंय. पाण्याचं पानी, कोणाचं कोन, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया.

पण इथंच पहिली अडचण येते. काळा जर काया झाला, तर काया म्हणजे शरीर, त्याचं काय? बोलताना आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं, म्हणून वऱ्हाडीत काही अडत नाही. पण आवाज कापत गेलात की असे जुळे शब्द वाढत जातात.

एस्पेरांतोत ख, घ, फ, भ असे महाप्राण आवाज वेगळे धरत नाहीत, कारण युरोपात त्यांची गरज पडली नाही. त्या हिशेबानं आपली खाट आणि काट एकच. स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. म्हणजे मन आणि मान यातला फरकही गेला.

उलट एक आवाज आपल्याला फुकटात मिळतो. एस्पेरांतोत 'त्स' असा आवाज आहे. शंभरला 'त्सेंट' म्हणतात. चाक, चमचा यातला च म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो शिकावा लागत नाही. शेजारच्या हिंदीवाल्याला मात्र लागतो. म्हणजे बघा, एकाच बाजारात एकच आवाज एकाला सोपा आणि दुसऱ्याला अवघड.

आवाज फारच कमी केले तर काय होतं, हे बघायचं असेल तर २००१ मध्ये आलेली टोकी पोना ही भाषा आहे. तिच्यात १४ अक्षरं आणि साधारण १२० शब्द. शिकायला एकदम सोपी. पण शब्द कमी म्हणून साधी गोष्ट सांगायलाही चार शब्द जोडत बसावं लागतं. आवाजात वाचवलेले कष्ट दुसरीकडं मोजावे लागतात.

शब्द ओळखू आला नाही तर?

एस्पेरांतोच्या आधी, १८८० च्या सुमारास, योहान श्लायर नावाच्या जर्मन पाद्र्यानं वोलाप्युक नावाची भाषा आणली होती. चिनी लोकांना र जमत नाही असं समजून त्यानं र जवळपास टाळलाच. भावना चांगली होती. पण त्यासाठी इंग्रजीतून घेतलेले शब्द त्यानं इतके छाटले की, 'वर्ल्ड'चा झाला 'वोल' आणि 'स्पीक'चा झाला 'प्युक'. वोलाप्युक म्हणजे जगाची बोली. पण हे सांगितल्याशिवाय कुठल्या इंग्रजाला कळणार? आणि गंमत अशी की, र काढणाऱ्या श्लायरनं ओठांचा चंबू करून काढायचे जर्मन स्वर मात्र तसेच ठेवले. स्वतःच्या जिभेला सोपं ते त्याला जगालाही सोपं वाटलं.

वोलाप्युकची सुरुवातीला हवा झाली. १८८९ मध्ये पॅरिसला तिच्यात अख्खं अधिवेशन भरलं. पुढं सुधारणा करायच्या की नाही यावरून भांडणं लागली आणि काही वर्षांत खेळ आटोपला.

दुसरी पायरी : शब्द कुठून आणायचे?

इथं झामेनहोफनं एक हुशारी केली. शब्द कमी ठेवले आणि जोडायचे तुकडे दिले. आपल्याकडं कसं, 'खाना' माहीत असला की दवाखाना, कारखाना, तोफखाना आपोआप कळतं, तसंच. एस्पेरांतोत 'बोना' म्हणजे चांगलं. पुढं 'माल' लावला की उलटा अर्थ, 'मालबोना' म्हणजे वाईट. 'साना' म्हणजे निरोगी, 'मालसाना' म्हणजे आजारी. आजारी माणूस 'मालसानुलो' आणि अशा माणसांची जागा 'मालसानुलेयो', म्हणजे दवाखाना. एक धातू पाठ केला की चार-पाच शब्द हातात.

पण ते मूळ धातू कुठले? बहुतेक सगळे युरोपातले. याचं सगळ्यात भारी उदाहरण आहे चहा.

मराठीत चहा, हिंदीत चाय, चिनीत चा, रशियनमध्ये चाय, तुर्कीत चाय, अरबीत शाय, स्वाहिलीत चाय. निम्मं जग एकाच शब्दाचे प्रकार वापरतं. झामेनहोफला तर रशियन उत्तम येत होती. तरी एस्पेरांतोत चहाला शब्द आला 'तेओ', फ्रेंच-जर्मनच्या वळणाचा. म्हणजे चिखलदऱ्याच्या टपरीवरचा माणूस ज्या शब्दानं निम्म्या जगाशी आधीच जोडलेला होता, तोच शब्द 'आंतरराष्ट्रीय' भाषेत आला नाही.

बरं, आपण मतदान घेऊ. आपल्या बाजारात पाण्याला काय म्हणायचं? मराठीत पाणी, वऱ्हाडीत पानी, हिंदीत पानी, कोरकूत डा. निकाल लागला, पानी जिंकलं.

आता आग घ्या, झाड घ्या, कुत्रा घ्या. प्रत्येक वेळी निकाल तोच. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे होते ८ कोटी ३० लाख आणि कोरकू सांगणारे ७ लाख २७ हजार. डोकी मोजून शब्द निवडायचे म्हटलं तर कोरकू शब्दाचा नंबर कधीच लागणार नाही.

वास्तविक कोरकू म्हणजे मराठीची कुठली बोली नाही. ती मुंडा गटातली भाषा आहे. तिच्या बहिणी झारखंडकडं आहेत, मुंडारी आणि संताली, आणि लांबचे नातेवाईक थेट खासी, ख्मेर आणि व्हिएतनामी. नावसुद्धा तिचं स्वतःचं. कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसं.

तिच्यात एक गोष्ट अशी आहे, जी एस्पेरांतोत सापडत नाही. मराठीत आपण 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं ठेवतो. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं तर ऐकणाऱ्याला बोलावणं नाही, 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की आहे. हिंदीतला 'हम', इंग्रजीतला 'वी' आणि एस्पेरांतोतला 'नी' हा फरक दाखवत नाहीत. कोरकू तर आपल्याही पुढं. तिथं दोघं असलो तर वेगळा शब्द, जास्त असलो तर वेगळा, आणि दोन्हीत ऐकणारा धरलाय की नाही तेही वेगळं. एका 'आम्ही'साठी चार शब्द. सोपी भाषा बनवणारा पहिल्यांदा हेच कापून टाकेल. पण मग तुम्ही जेवायला यायचं की नाही, हे विचारून घ्यावं लागेल.

बाजारानं स्वतः बनवलेली मिसळ

ठरवून न करता शब्दांची मिसळ झाली तर काय होतं, तेही याच सातपुड्यात दिसतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात निहाली नावाची भाषा आहे. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. तिचं जगातल्या कुठल्याही भाषेशी सख्खं नातं अजून सिद्ध झालेलं नाही.

तिचे आकडे बघा. एकला स्वतःचा शब्द, बिडुम. दोन ते चार द्रविडी भाषांकडून आलेले. पाचपासून पुढं हिंदी-मराठीचे. कोरकू शब्द तर ढिगानं. निहालीनं सगळ्या शेजाऱ्यांकडून घेतलं. निहालीकडून कुणी काय घेतलं? शोधून सांगावं लागेल, इतकं कमी.

म्हणजे टेबलावर बसून मतदान घ्या किंवा बाजारावर सोडून द्या, शिकायचं ओझं ज्यांची संख्या कमी त्यांच्याच डोक्यावर येतं. मेळघाटात हे रोज घडतं. कोरकू घरात वाढलेलं पोरगं पहिलीत मराठी पुस्तक उघडतं. त्याची आई दवाखान्यात पोटात नेमकं कसं दुखतंय ते दुसऱ्याच्या भाषेत सांगते. समोरच्यानं तिची भाषा शिकावी, असं सहसा कुणी म्हणत नाही.

मग उपाय काय?

आपल्या विदर्भातल्या पवनारच्या आश्रमात राहणारे विनोबा भावे एस्पेरांतो शिकले होते. त्यांना कितीतरी भाषा येत होत्या. पण देशासाठी त्यांनी जो आग्रह धरला तो वेगळा होता. भारतातल्या भाषांनी आपापली लिपी ठेवावी आणि जोडीला नागरीतही लिहावं, म्हणजे शेजाऱ्याची भाषा वाचायला सोपी जाईल. त्यात कुणाचा शब्द काढून टाकावा लागत नव्हता.

अलीकडं नव्या भाषा बनवणारेही शहाणे झालेत. हिंदी, चिनी, अरबी शब्द मुद्दाम घेतात. काही जण तर डोकी मोजण्याऐवजी भाषांच्या कुळांना मत देतात. तो नियम चिखलदऱ्याला लावला तर कोरकूलाही मराठी-हिंदी कुळाइतकंच एक मत मिळेल आणि 'डा' कधीतरी जिंकेलही.

तशी भाषा बनेल तेव्हा बनेल. तोवर चिखलदऱ्याला जाणार असाल तर एक शब्द बरोबर घेऊन जा. तहान लागली की पाण्याऐवजी 'डा' मागून बघा. उच्चार चुकेल, समोरची बाई हसेल. हसू द्या. आजवर ती आपल्याशी आपल्या भाषेत बोलत आलीये, एक शब्द आपण शिकायला काय हरकत आहे?