जमीन माझी, पण खालचं पाणी कुणाचं?

विहिरीच्या पाण्यावरून भाऊबंदांत आणि शेजाऱ्यांत वर्षानुवर्षं दावे चालतात. वकिलाची फी भरता भरता पीक जातं. यातले काही दावे तरी कायद्याची नीट माहिती असती, तर उभेच राहिले नसते.

गैरसमज: जमीन माझी, म्हणून तिच्याखालचं पाणीही माझंच.
वस्तुस्थिती: १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या हद्दीतलं भूजल उपसण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. पण हा हक्क अमर्याद आहे का, यावर न्यायालयांतही मतभेद आहेत. केरळात प्लाचीमडाच्या कोका-कोला कारखान्याविरुद्ध पेरुमाट्टी ग्रामपंचायत लढली. भूजल ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचं विश्वस्त आहे, असं उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने २००३ मध्ये म्हटलं. २००५ मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला.

गैरसमज: स्वतःच्या शेतात विहीर घ्यायला कुणाची परवानगी कशाला?
वस्तुस्थिती: महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर घेण्यास बंदी घातली. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला. त्यानुसार अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल बोअर घेण्यास मनाई आहे.

गैरसमज: सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, म्हणजे हक्क पक्का.
वस्तुस्थिती: सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. सामाईक विहिरीतला हिस्सा सिद्ध करायला वाटणीपत्र किंवा खरेदीखत लागतं. म्हणून वाटणी करतानाच प्रत्येकाचा हिस्सा, पाण्याच्या पाळ्या आणि पाइपलाइनची वाट लिहून, दस्त नोंदवून घ्यावा.

गैरसमज: शेजाऱ्याच्या बोअरने विहीर आटली, तर भरपाई मिळणारच.
वस्तुस्थिती: जमिनीखाली ठरावीक प्रवाहाने न वाहणारं पाणी उपसण्याची मुभा १८८२ चा कायदा शेजाऱ्यालाही देतो. शिवाय त्याच बोअरमुळे पाणी गेलं, हे सिद्ध करणं अवघड असतं. मात्र त्याने अंतराचा किंवा खोलीचा नियम मोडला असेल, तर महसूल प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते.

एकाच खडकातलं पाणी अख्खं शिवार पितं. ते किती उपसायचं आणि कसं मुरवायचं, हे गावाने एकत्र बसून ठरवलं नाही, तर दावा जिंकणाऱ्याची विहीरही कोरडीच राहील.