ब्राझिलियन जिउ-जित्सू : प्रारंभिक प्रशिक्षण

ब्राझिलियन जिउ-जित्सू हा जमिनीवरील पकडींवर आधारलेला, ठोसे व लाथा वर्ज्य असलेला द्वंद्वक्रीडाप्रकार आहे. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोत स्थापन केलेल्या कोदोकान संस्थेतील ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. त्यांच्या शिकवणुकीतून कार्लोस ग्रेसी व त्यांच्या बंधूंनी हा प्रकार घडविला.

कुस्तीशी तुलना

मराठी वाचकास हा खेळ कुस्तीच्या आधारे लवकर उमगतो. परंतु एक भेद मूलभूत आहे. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, येथे उताण्या खेळाडूची लढत तिथूनच सुरू होते. तो प्रतिस्पर्ध्याला पायांच्या विळख्यात अडवितो. या पवित्र्यास ‘गार्ड’ म्हणतात. तालमीत घडलेला मल्ल सवयीने पालथा होतो आणि नेमकी त्याची मान मागून सापडते.

प्रौढांचा आरंभ

आरंभी पडण्याची रीत, पकडीतून निसटणे आणि शरणागती एवढे शिकले तरी पुरे. सांधा ताणला किंवा गळा आवळला गेला की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर वा मॅटवर दोन-तीनदा थापटावे. हात अडकले असल्यास तोंडाने सांगावे. पकड तत्काळ सोडणे बंधनकारक असते. वेदनेची वाट पाहू नये. गुडघा पिळला जात असताना ती जाणवेपर्यंत अस्थिबंधाला इजा झालेली असू शकते. चीतपट होण्याची लाज बाळगणाऱ्यांना ही शिस्त सर्वांत जड जाते.

कर्जत व खोपोलीहून लोकलने मुंबईच्या वर्गास जाणाऱ्याचे एका बाजूचे सुमारे दोन तास प्रवासात जातात. त्यामुळे आठवड्यातून दोन दिवसांचा नेम झेपण्याजोगा. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात ‘गी’ हा जाड सुती पोशाख लवकर वाळत नाही आणि दमट कपड्यांतून नायटा पसरतो. म्हणून दोन पोशाख असावेत, नखे कापलेली असावीत. त्वचेवर चट्टा असल्यास वर्गास जाऊ नये.

मुलांचे प्रशिक्षण

लहान मुलांना खेळांतून तोल, लोळणे व सुटका शिकवितात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार पंधरा वर्षांपर्यंत पांढरा, करडा, पिवळा, केशरी व हिरवा हे पट्टे असतात. निळा सोळाव्या वर्षापासून मिळतो. पायाच्या सांध्यांवरील डाव या वयात स्पर्धेत वर्ज्य आहेत. चित्रफिती पाहून भावंडांचा गळा आवळण्याचा प्रयोग घरी होऊ देऊ नये. प्रवेशापूर्वी पालकांनी एक पूर्ण वर्ग बसून पाहावा आणि शिक्षकास त्याचा पट्टा कोणी दिला, हे विचारावे.