सापळ्यातले आठ पतंग

जुलै सरता सरता बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या कपाशीत काठ्यांना टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दिसू लागतात. मलकापूर, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि एकरी दोन कामगंध सापळे. आत रबराची छोटीशी गोळी, तिला गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध. रात्री नर पतंग त्या हाकेला येतो आणि पिशवीत अडकतो. हा गंध 1973 साली उलगडला. दोन जवळजवळ जुळ्या रेणूंचे ते समसमान मिश्रण आहे.

सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ आले, तर उपाय करायची वेळ झाली. अळीऐवजी पतंग मोजायचे, कारण अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, मागचे छिद्र बुजते आणि फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. बाहेर दिसते ती फार तर एखादी डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उघडलेले फूल.

अळीचा स्वतःचाही हिशोब असतो. ती तारखा पाहत नाही, ऊब साठवते. सुमारे 13 अंशांच्या खाली तिची वाढ थांबते. त्यावरचा अंश न् अंश रोज जमेला धरला की पुढची पिढी कधी निघेल याचा अंदाज बांधता येतो. दिवस लहान झाले, गारवा आला, की ती सरकीत झोपी जाते. पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग निघतात, तेव्हा शेतात पाते-फूल नसेल तर पिल्लांना खायला काही नसते आणि ती पिढी वाया जाते. मेमध्ये पेरलेली कपाशी हे गणित अळीच्या बाजूने फिरवते. फरदड, म्हणजे हंगाम संपूनही राखलेली कपाशी, तर तिला हिवाळाभर पोसते.

सर्वांत मोठा हिशोब मात्र कागदावर बरोबर होता आणि शेतात चुकला. अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांच्या वाणाला 2006 मध्ये. अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून मांडलेल्या मॉडेलचे म्हणणे साधे होते. समजा, प्रतिकाराचे जनुक हजारात एक आहे. ते आई-बाप दोघांकडूनही मिळालेली, म्हणजे बीटीवर तगणारी अळी दहा लाखांत एक. तिचा पतंग साध्या कपाशीवरच्या पतंगाशी जुळला, तर पिल्ले बीटीवर मरतात. म्हणून भोवती पाच ओळी किंवा वीस टक्के नॉन-बीटी लावायची. त्यासाठी बियाण्याच्या थैलीसोबत 120 ग्रॅमची वेगळी पुडी येई. कितीतरी पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही. त्या पुडीतले गणित त्याला त्याच्या भाषेत कुणी नीट सांगितले नाही. शिवाय आपले वाण संकरित, त्यामुळे एकाच बोंडात विष असलेली आणि नसलेली सरकी शेजारी-शेजारी. सरकीतून सरकीत फिरणाऱ्या अळीला अर्धवट मात्रा मिळते, आणि मॉडेलचा पायाच पूर्ण मात्रेवर उभा होता.

2010 पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाविरुद्धचा प्रतिकार जाहीर झाला. दुसरेही जनुक निकामी ठरत गेले, आणि 2017 च्या हंगामात विदर्भाने बोंडे फोडून आत किडकी कवडी पाहिली. अमेरिकेत ॲरिझोनाने साध्या कपाशीच्या ओळी राखल्या, 2006 पासून बीटीसोबत कोट्यवधी वांझ पतंग सोडले. 2018 मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर झाले. कीड तीच, बीटीही तेच.

पतंग धुरा-बांध ओळखत नाही. एकट्याच्या शेतातला सापळा धोका सांगतो, टाळत नाही; मोजणी आणि सफाई अख्ख्या शिवाराने केली तरच हिशोब जुळतो.

वेचणी चालू असताना शेतातली वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहा; दोनांत अळी निघाली तर लगेच सहायक कृषी अधिकाऱ्याला गाठा. डिसेंबर संपताना पऱ्हाटी उपटून टाका, फरदड ठेवू नका, आणि धुऱ्यावर जाऊन शेजाऱ्यालाही हे सांगा.